प्राथमिक शाळेचं स्नेहसंमेलन आणि बक्षीस वितरण: या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी बहुतेक वेळा गाण्यांच्या यादीपासून सुरू होते. पहिली चूक तीच. सुरुवात हजेरीपटापासून करा. पटावर ९० मुलं असतील तर ९० ओळींचा तक्ता आखा आणि पुढे तीन रकाने ठेवा: मंचावर कशात आहे, कौतुक कशाचं होणार, घरी कोणती भाषा बोलतात. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी पहिल्या दोन रकान्यांत किती जागा कोऱ्या आहेत ते मोजा. कोऱ्या जागा बहुधा त्याच त्या मुलांच्या निघतात: वीटभट्टीवरची, पालावरची, वर्षाच्या मध्येच दाखल झालेली.

तीच चार मुलं, सहा बक्षिसं

वक्तृत्व, हस्ताक्षर, चित्रकला आणि 'आदर्श विद्यार्थी' या सगळ्यांत एकाच मुलीचं नाव पुकारलं जातं, कारण प्रत्येक स्पर्धेचा निकाल वेगळा लावला जातो आणि सगळी नावं एकत्र कुणी पाहतच नाही. निकाल एकाच कागदावर आणा. क्रमांकाची बक्षिसं थोडी ठेवा आणि बाकीचं कौतुक मुलाच्या स्वतःच्या प्रगतीवर बेता. जूनमध्ये अक्षरं ओळखत नव्हता, आता परिच्छेद वाचतो. ही नोंद वर्गशिक्षकांच्या वहीत असतेच. प्रमाणपत्रावर 'उत्तेजनार्थ' छापू नका, नेमकं काय जमलं ते लिहा: 'दोन अंकी हातच्याची वजाबाकी न चुकता करतो.' पहिलीच्या मुलाला 'उत्तेजनार्थ'चा अर्थ कळत नाही आणि चौथीच्या मुलाला नको तितका कळतो.

१०० टक्के उपस्थितीचं बक्षीस वरवर निरुपद्रवी दिसतं. पण ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर कारखान्यावर जातात आणि साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. आजारी मुलाचीही चूक नसते. हे बक्षीस द्यायचंच असेल तर मूल गावात होतं तेवढ्याच दिवसांची उपस्थिती धरा. हंगामी वसतिगृहात थांबलेल्या मुलांचा वेगळा विचार करा. आईबापांशिवाय पाच महिने शाळा करणं ही साधी गोष्ट नाही.

आणखी एक चूक सवयीने होते. उपस्थिती भत्ता किंवा शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांची नावं प्रवर्गासह माइकवर वाचली जातात. हा लाभ आहे, यश नव्हे. जात मंचावरून पुकारायची नसते. यादी कार्यालयात राहू द्या.

'आदिवासी नृत्य' म्हणजे पानं, पिसं आणि काळा रंग नव्हे

सर्वांत जास्त बिघडतं ते इथे. चेहऱ्याला काजळ फासून, कमरेला पानं बांधून, भाले नाचवत केलेला नाच कुठल्याच समाजाचा नसतो आणि त्या समाजाचं मूल समोर बसून तो पाहत असतं. पालघरकडे तारपा नाचात वादक मध्ये असतो, एकमेकांच्या कमरेला धरून बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. तारपा भोपळा आणि बांबूचा असतो, तो वाजवणारे गावातच सापडतात. त्यांना शाळेत बोलवा आणि मानधन द्या. कोणतं गाणं लग्नातलं, कोणतं देवाचं आणि मंचावर काय चालणार नाही, हे त्यांनाच विचारा. वारली चित्रातला लग्नाचा चौक हा विधीचा भाग आहे, त्याची पार्श्वभूमी करण्यापूर्वीही विचारा.

'विविधतेत एकता'मधला पंजाबी, बंगाली, दाक्षिणात्य फॅशन शोही असाच. राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्राच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे म्हणून ओडिया नाच बसवला जातो आणि तिसरीत बसलेल्या बिहारच्या मुलाला घरी काय गातात हे कुणी विचारत नाही. आधी स्वतःचा पट, मग नकाशा. भाड्याच्या ड्रेसचा खर्चही पालकांवर टाकू नका. पैसे नाहीत म्हणून मूल 'पोट दुखतंय' सांगून घरी राहतं. घरचे कपडे आणि शाळेकडून एक रंगीत उपरणं पुरतं.

घरच्या भाषांसाठी सोपा उपक्रम: आई-आजीकडून अंगाईच्या चार ओळी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, प्रत्येकी अर्धा मिनिट. मुलाने आधी त्या ओळी म्हणायच्या, मग अर्थ मराठीत सांगायचा. निवेदनात गोंडी, कोरकू, कोलामीला 'मराठीच्या बोली' म्हणू नका. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या आहेत, कोरकू मुंडा गटातली. अहिराणीची गोष्ट वेगळी, ती मराठीच्या नात्यातली.

त्या दिवशी काय बिघडतं

कार्यक्रम लांबतो. चार मिनिटांचा नाच आणि दीड मिनिट आवराआवर धरली तर २० नाचांना ११० मिनिटं लागतात, भाषणं वेगळीच. भाषण पाच मिनिटांचंच, असं पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा आणि पहिली-दुसरीचे नाच सुरुवातीला घ्या, नंतर ती झोपतात.

प्रमाणपत्रं चुकीच्या हातात जातात. एक मूल गैरहजर असलं की गठ्ठा एकाने सरकतो. गठ्ठा यादीच्या क्रमाने लावा, गैरहजर मुलाचं प्रमाणपत्र लगेच तळाशी घाला आणि पाहुण्यांच्या हाती एकाच शिक्षकाने द्या. नावं जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीवरून लिहा, पण मंचावरून वर्गशिक्षकांनीच पुकारा. अनोळखी आडनावाचा माइकवर चुकलेला उच्चार पुढे वर्षभर चिडवायला पुरतो.

माइक कुंईऽऽ करतो, कारण स्पीकर माइकच्या मागे असतो. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा आणि माइक मुलाच्या तोंडाच्या उंचीवर आणा. गाणी मोबाइलवर असतील तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन लेझमीत कुणाच्या तरी मामाचा फोन येतो. गाणी क्रमाने ०१, ०२ अशा नावांनी साठवा आणि दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

फोटो व्हॉट्सॲप गटात टाकण्यापूर्वी पालकांची संमती घ्या. मुलाचं पूर्ण नाव आणि वर्ग फोटोखाली लिहू नका.

तळाशी गेलेली प्रमाणपत्रं कपाटात विसरली जातात. त्यांची यादी हजेरीपटाला टाचून ठेवा. ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांना ती निकालाच्या दिवशी, सगळ्या वर्गासमोर, तशीच टाळ्या वाजवून द्या.