न्यू जर्सीतल्या आईबाबांची औषधं परवडावीत म्हणून

आईबाबा न्यू जर्सीत तुमच्याजवळ कायमचे राहत असतील आणि वय 65 किंवा त्याहून जास्त असेल, तर औषधांच्या खर्चात मदत करणाऱ्या राज्याच्या ‘पीएएडी’ योजनेचा अर्ज भरून टाका. मंजूर झाला की योजनेत बसणाऱ्या जेनेरिक औषधाला 5 डॉलर आणि ब्रँडेडला 7 डॉलर, एवढेच त्यांच्या खिशातून जातात. उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी बदलते, म्हणून मागे नकार आला असला तरी पुन्हा अर्ज करा. त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर असेल तर ‘सीनियर गोल्ड’ ही राज्याचीच दुसरी योजना आहे; दोन्हींसाठी ‘एनजेसेव्ह’ हा एकच ऑनलाइन फॉर्म चालतो. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा असेल, तर त्यातला औषधांचा भाग, पार्ट डी, घ्यावाच लागतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीकडेही नीट बघा. ‘डू नॉट सबस्टिट्यूट’ अशी खूण असेल तर फार्मसिस्ट स्वस्त जेनेरिक देऊ शकत नाही. ती खरंच गरजेची आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

आणि घरी गोळ्यांचा डबा एकदा तपासा. आपली वडीलधारी माणसं खर्चाचं बोलायला फार संकोचतात. गोळी एक दिवसाआड घेतात, पण मुलांना कळू देत नाहीत.