जेवताना जबड्याखाली सूज येते? दाढ काढण्याआधी हे करा

जेवायला बसलं की जबड्याखाली गोळा येतो, तटतटतो आणि तासा-दोन तासांत आपोआप बसतो. असं होत असेल तर तो बहुतेक लाळेच्या नळीतला खडा असतो. नाक-कान-घशाच्या थिएटरात मी सिस्टर होते, आता आर्वीकडे गावी असते. माझ्याकडे येणारे काकाजी आधी चुना-हळदीचा लेप लावतात, कुणी चांगली दाढही उपटून आलेला असतो.

घरी एक करून पाहा. लोणच्याची फोड तोंडात धरा. थोड्या वेळात जबड्याखाली फुगलं, तर लाळ बनते आहे पण वाट अडली आहे. मग हात धुऊन एक बोट जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून, आणि मागून पुढे चाचपा. कधी तांदळाच्या कणीसारखं टोचतं. दहातले आठेक खडे या जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. तिची लाळ दाट, नळी वर चढणारी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की ती आणखी दाटते.

ताप आणि पू असेल तर आधी अँटिबायोटिक; नळीत बारीक दुर्बीण घालून खडा काढायचं नंतर. जिभेखालचा भाग सुजून गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर सकाळची वाट पाहू नका. आणि जेवणाशी संबंध नसलेली, वाढतच जाणारी गाठ म्हणजे वेगळी भानगड. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्यानं तर लगेच दाखवावी.

सोनोग्राफीत बारका खडा निसटू शकतो, तेव्हा सीटी लागतो. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: खडा किती मिलिमीटरचा, आणि नळीत कुठे? जबड्याखाली साधारण 4 आणि गालात 3 मिलिमीटरपर्यंतचा खडा दुर्बिणीनं निघू शकतो. मोठा असला तर लेझरनं फोडतात किंवा तोंडातूनच छोटी चीर देतात. कुणी थेट ‘ग्रंथीच काढू’ म्हणालं, तर ‘सायलेंडोस्कोपी (हीच दुर्बीण) होईल का?’ असं विचारायला लाजू नका. ग्रंथी काढायला मानेवर चीर देतात, तिथे खालचा ओठ हलवणारी नस अगदी जवळ असते. दुर्बिणीची सोय सगळीकडे नाही. नागपूरची बस धरण्याआधी फोन करून घ्या.

दुर्बीण घालताना खरी मेहनत नळीचं तोंड शोधण्यात. ग्रंथी हलकेच दाबायची, लाळेचा थेंब जिथे चमकला तिथे बारीक सळई, मग जरा जाड, मग आणखी जाड. मागून एक-दीड मिलिमीटरची दुर्बीण जाते, सलाईन सोडत. पडद्यावर गुलाबी बोगदा दिसतो आणि पाण्यात हलणारा पिवळट खडा. तारेची टोपली त्याच्या पलीकडे नेऊन उघडायची, पकडून ओढायचं. खडा नसून नळीच आवळलेली असेल तर फुग्यानं रुंदावतात.

खर्ऱ्यानं तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर हे आधीच सांगा, नाहीतर दुर्बीण फिरवायलाच जागा मिळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा.

त्या दिवशी सलाईनमुळे गाल फुगतो, घरचे घाबरतात; दोन-तीन दिवसांत उतरतो. पाणी भरपूर प्या, लिंबू चोखा, जबड्याखाली मागून पुढे चोळा. नळीत बारीक प्लास्टिकची नळी ठेवली असेल तर जिभेनं चाळवू नका, ती डॉक्टरच काढतील.