मागे कॅराव्हॅन, पुढे कयाक: पिकअप घेऊन निघण्याआधी या चुका टाळा

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान निमुळती होडी, पिकअपमध्ये नेणं अवघड नाही. कॅराव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, ओढून नेणंही सवयीने जमतं. त्रास होतो तो दोन्ही एकाच वेळी नेताना, कारण बहुतेक जण कयाक बांधताना फक्त पिकअपचा विचार करतात, मागच्या ट्रेलरचा करत नाहीत. आम्हीही केला नव्हता. खारघरहून कोलाडला निघालो होतो, दहा फुटी कयाक हौद्यात, फाळका उघडा, शेपूट मागे बाहेर. सरळ रस्त्यावर सगळं ठीक होतं. पळस्पे फाट्याच्या पुढे पेट्रोल भरून बाहेर पडताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि मागून काच तडकल्याचा आवाज आला. कयाकचं टोक कॅराव्हॅनच्या पुढच्या खिडकीत शिरलं होतं. लेकीच्या पहिल्या कयाकिंगची सहल तिथेच संपली.

हिशोब अगदी साधा आहे. डबल कॅब पिकअपचा हौदा साधारण पाच फुटांचा. कयाक दहा फुटांची असेल तर निम्मी बाहेर राहते. पिकअपचा बंपर आणि ट्रेलरचं तोंड यांत अंतर असतं फार तर त्याहून थोडं जास्त, तेही दोघं एका रेषेत असताना. वळणावर आतल्या बाजूचं अंतर झपाट्याने कमी होतं. रिव्हर्स घेताना तर सगळ्यात जास्त, कारण ट्रेलर तेव्हा काटकोनाकडे दुमडू लागतो. म्हणून मागे ट्रेलर असेल तर कयाक फाळक्याबाहेर काढायचीच नाही, हा नियम मी आता मोडत नाही.

वळणाइतकाच उतारही घातक, पण तो कुणाच्या लक्षात येत नाही. उतार संपून सपाट रस्ता लागतो तिथे पिकअप समतल होते आणि ट्रेलर अजून तिरकाच असतो, त्यामुळे दोघांची डोकी एकमेकांकडे झुकतात. पुलावरून सर्व्हिस रोडला उतरताना, जेट्टीच्या उतारावर, सोसायटीच्या रॅम्पच्या पायथ्याशी हेच होतं. खाली मोकळी दिसणारी जागा वर कयाकच्या उंचीवर उरलेलीच नसते.

मग कयाक ठेवायची कुठे? हौद्याच्या कडांवर एक आडवा बार आणि कॅबच्या टपावर दुसरा, अशा रॅकवर ती पुढे सरकवून ठेवली की शेपूट फाळक्याच्या आत राहतं. पाच फूट हौद्यावर, पाच फूट कॅबवर. चौदा फुटी असेल तर पुढचं टोक बॉनेटवर येतं, तेव्हा पुढून दोरी बांधलीच पाहिजे, नाहीतर वारा टोक उचलतो. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. प्लास्टिकची एक साधी कयाक वीस ते तीस किलोंची असते, दोन घेतल्या तर रॅकसकट भार बराच होतो. पिकअपच्या मागे ट्रेलर जोडायचा जो गोळा असतो, त्या बॉलवर ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार आधीच असतो, त्यात हौद्यात बर्फाची पेटी आणि पाण्याचे कॅन ठेवले की मागचा भाग बसतो. हेडलाइट वर गेलेले दिसले तर सामान कमी करा.

हौद्याची लांबी वाढवणारा लोखंडी आधार विकत घेताना थांबा. तो अनेकदा ट्रेलरच्या हुकाच्याच नळीत बसतो. एका वेळी एकच काम होणार. कॅराव्हॅनच्या टपावर कयाक चढवण्याचाही मोह होतो. ते टप त्या भारासाठी बनवलेलं आहे असं गृहीत धरू नका. सांधे उघडले तर पहिल्याच पावसात गळती सुरू होते.

बांधणी

रॅचेट पट्टे (दांडा मागेपुढे करून आवळायचे) जीव लावून आवळणं ही नेहमीची चूक. ठाण्याच्या उन्हात पॉलिथिलिनची कयाक मऊ पडते आणि आवळलेल्या जागी खोलगट खळी उमटते. साधे बकलचे पट्टे हाताने ओढून बसवलेले पुरतात. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणून सैल पडते, पॉलिएस्टरचा पट्टा कमी ताणतो. पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्यात फडफडणार नाही. निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला थांबून पट्टे पुन्हा तपासा. घोडबंदर रोडवरून निघाला असाल तर खड्डेच तुम्हाला थांबायला लावतील.

पावसाळ्यात बसायच्या जागेवर आच्छादन घाला किंवा कयाक पालथी ठेवा. आत साचलेल्या एका लिटर पाण्याचं वजन एक किलो. भरलेल्या कयाकचं वजन रॅक पेलेल असं समजू नका.

वर काय आहे तेही पाहा. रॅकवर कयाक कुशीवर उभी केली की उंची अडीच मीटरच्या पुढे जाते. आपल्या भागात दोन इमारतींमध्ये लोंबणाऱ्या केबल, गणपतीच्या कमानी, सोसायटीचे कमी उंचीचे बॅरियर, सगळं वाटेत असतं. एकूण उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा वर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते, आणि त्याचे मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये.

आता आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी खारघरच्या मोकळ्या पटांगणात ट्रेलर जोडतो, कयाक चढवतो. मी गाडीत बसतो, चुलत भाऊ बाहेर उभा राहून अंतर पाहतो. आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, शेवटी रिव्हर्स. सगळ्यात अरुंद जागी वीतभर जागा उरली तरी मी समाधानी होत नाही, हातभर हवी. ती नसेल तर कयाक आणखी पुढे सरकवतो आणि पुन्हा सुरुवातीपासून.