खेकडा तेजोमेघाचे ठोके घरी कसे मोजायचे

दिवाळीच्या सुट्टीत भाची इंदूरला, माझ्याकडे रामबागेत राहायला आली, तेव्हा आम्ही दोघींनी अ‍ॅस्ट्रोसॅट या इस्रोच्या खगोल-उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणाची सुरुवातीची निरीक्षणं उघडली. ज्यांना हे करून पाहायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

सुरुवात खेकडा तेजोमेघापासूनच करा. हा फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष, आणि त्याच्या मध्यभागी वेगाने फिरणारा स्पंदक तारा आहे, त्याच्याकडून ठरावीक काळाने किरणांचे ठोके येतात. उपग्रह 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून सुटला, आणि पहिल्या काही दिवसांतच उपकरण पारखायला हाच तेजोमेघ निवडला, कारण त्याचं एकूण तेज जवळपास स्थिर असतं. इस्रोच्या संग्रहातून दुसऱ्या पातळीची, म्हणजे प्रक्रिया झालेली फाइल घ्या. कच्चीच्या नादी लागू नका.

आधी दर दहा सेकंदांना किती फोटॉन आले याचा आलेख काढा. मध्ये मध्ये रिकाम्या जागा दिसतील. भाची लगेच म्हणाली, "मावशी, फाइल खराब आहे गं!" तसं नसतं. उपग्रह 650 किलोमीटर उंचीवरून दीड तासाच्या आसपास एक फेरी मारतो. कधी पृथ्वीच आड येते, कधी दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांमुळे मोजणी थांबवतात. तेवढा वेळ सोडून द्या.

मग वेळा दुरुस्त करा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो, आणि आपल्याला शोधायचाय तो ठोका जेमतेम 33 मिलिसेकंदांचा. म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरच्या करून घ्या.

आता घडी, म्हणजे सगळ्या वेळांचे एका ठोक्याच्या लांबीचे तुकडे करून एकावर एक रचायचे. आईची महेश्वरी साडी पलंगावर पसरून मी भाचीला निऱ्या घालून दाखवल्या. निरी काठाच्या नक्षीइतकीच घेतली की फुलावर फूल बसतं, दोऱ्याभर चुकली की पुढे फुलं सरकत जातात. इथेही तेच. मिनिटाला सतराशेहून जास्त ठोके पडतात, त्यामुळे नुसतं 33 धरून चालत नाही. जॉड्रेल बँक वेधशाळा या स्पंदकाचा नेमका आवर्तकाळ महिन्यागणिक देते, निरीक्षणाच्या महिन्याचाच घ्या. जमलं की दोन शिखरं वर येतात. आमची रात्री पावणेबाराला आली, आणि भाचीने तो आलेख अर्धा तास बंद करू दिला नाही.

दहा सेकंदांच्या पहिल्या आलेखात अचानक उंच सुळका दिसला तर गोंगाट समजून पुसू नका. 6 ऑक्टोबर 2015 ला, काम सुरू झालं त्याच दिवशी, या उपकरणाने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला होता, तोही नजरेच्या दिशेपासून सुमारे 60 अंश बाजूला! जास्त ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंतींतूनही आत शिरतात. शोधकाचे चार भाग आहेत. सुळका चारही भागांत एकाच क्षणी उठलाय का, ते आधी बघा.