सांदवाडीत (घरामागच्या परसात) पेवा लावायचा असेल तर

आमच्या साकोलीकडे (भंडारा जिल्हा) जंगलातल्या नाल्याकाठी पावसाळ्यात पेवा फुलतो. खोड गोल जिन्यासारखं वळत वर जातं. शेंड्याच्या लाल बोंडातून रोज एखाद-दोन पांढरी फुलं निघतात, चुरगळलेल्या झिरझिरीत कागदासारखी. ('पेव फुटलं' म्हणतात ते धान्याचं, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

जागा तेवढी नीट बघा. माझा पेवा न्हाणीचं पाणी जातं तिथे, आंब्याखाली आहे. सकाळचं ऊन, दुपारची सावली. ओल हवी, पण पाणी तुंबायला नको. धानाच्या बांधीसारखा चिखल झाला की कंद कुजतो. माती चिकट असेल तर वीतभर उंच वाफा करा, त्यात शेणखत आणि नाल्याची रेती मिसळा.

ज्याच्याकडे बेट आहे त्याला कंद मागा. अभयारण्यातून उपटून आणणं गुन्हा आहे. कंद आल्यासारखा दिसतो. दोन-तीन डोळे राहतील असे तुकडे करा, कापलेली बाजू दिवसभर सावलीत सुकू द्या आणि मिरगाच्या तोंडावर लावा: दोन इंच खोल, दोन-दोन फुटांवर, डोळे वर. कंद मिळाला नाही तर पावसाळ्यात जाड दांड्याचे तुकडे ओल्या रेतीत आडवे पुरा. उसासारखे पेरांतून कोंब येतात.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी फुलं आली, आणि हिवाळ्यात सगळे दांडे पिवळे पडून वाळले. मेला म्हणून मी कंद खणून उकिरड्यावर फेकले. सासूबाई म्हणाल्या, "काऊन उपटला वं? मिरगात येते ना तो!" झालंही तसंच. जूनमध्ये उकिरड्यावर कोंब उभे, आणि वाफा रिकामा!

म्हणून वाळलेले दांडे बुडाशी कापा, कंद जमिनीतच ठेवा. वर तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) जाड थर द्या. पान नसताना पाणी जवळजवळ बंद. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा आठवड्याला एखादी बादली पुरते.

बोंडांवर मुंगळे फिरताना दिसतील. त्यावर गोड रस सुटतो, ते त्यासाठी येतात. औषध फवारू नका. फुलं संपली तरी बोंडं बरेच दिवस लाल राहतात, तीही तोडू नका. तीन-चार वर्षांनी बेट दाट झालं की मे अखेरीस सब्बलनं (पहारीनं) फोडा आणि निम्मे कंद शेजारी वाटून टाका.