पाकिटाचा फुगवटा आणि कुरिअरचं बिल

घरबसल्या कुर्ते, स्टोल, ओढण्या विकणाऱ्यांचा माल पॅक करून रवाना करायचं काम करणाऱ्या खोल्या म्हापसा, फोंडा, डिचोली कुठेही दिसतात. एक काटा, लेबल छापायचा छोटा प्रिंटर, कोपऱ्यात कुरिअरच्या प्लॅस्टिक पिशव्यांची चळत, एवढाच पसारा. बी.कॉम. झालेली किंवा अजून शिकणारी मुलं-मुली या कामाला येतात तेव्हा त्यांचा समज असतो की वजन केलं, लेबल चिकटवलं, संपलं. ते कुणालाही जमतं. मालक माणूस टिकवून ठेवतो तो पाकिटाचं माप ज्याच्या हातात बसलंय त्याला.

आधी हिशेब समजून घ्या. खासगी कुरिअरवाले बहुतेक करून दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं, दुसरं पाकीट गाडीत किती जागा अडवतं त्यावरून काढलेलं, ज्याला सगळे व्हॉल्युमेट्रिक म्हणतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची, 5000 ने भागायचं, येईल तो आकडा किलोचा. दोन्हींत जे जास्त भरेल त्यावर बिल. 5000 हा भाजक सर्रास चालतो, तरी तुमच्या दरपत्रकावर कुठला छापलाय ते नजरेखालून घाला. तिथे 4000 असेल तर पुढचं सगळं गणित महाग होतं.

आता 30 बाय 25 चं पाकीट घ्या. आत सुती कुर्ता, काट्यावर 420 ग्रॅम. कुर्ता जसा आला तसा कोंबला आणि पाकीट मधोमध 8 सेंटिमीटर फुगलं, तर 6000 भागिले 5000, म्हणजे 1.2 किलो. नीट घडी घालून 4 वर आणलं तर 600 ग्रॅम. हवा काढून 3 वर आणलं तर 450. दराचे टप्पे बहुधा अर्ध्या-अर्ध्या किलोचे असतात. तेव्हा कुर्ता तोच, गिऱ्हाईक तेच, आणि बिल एका टप्प्याचं, दोन टप्प्यांचं किंवा तीन टप्प्यांचं. खोक्याची उंची कारखान्यात ठरून येते. मऊ पाकिटाची उंची मात्र पॅक करणाऱ्याच्या हातात असते, आणि या कामातली सगळी कमाई त्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दर कमी करून घ्यायला कुरिअरवाल्याशी घासाघीस करणारे खूप बघितले. घडीकडे बघणारे थोडे.

घडी पाकिटाच्या मापाची घाला. कपडा पाकिटापेक्षा लहान घडी होऊन मध्ये ढीग झाला की उंची वाढते आणि कडेची जागा रिकामी राहते, जिचे पैसे आपण भरतोच. कॉलर, बटणपट्टी, जाड शिवण एकावर एक येऊ देऊ नका. एक घडी उलटी फिरवली की जाडी दोन टोकांना वाटली जाते. कुणबी साडीच्या लाल चौकडीचे स्टोल आमच्याकडे बरेच जातात. त्यांची किनार जाड असते, म्हणून आम्ही ते गुंडाळत नाही, सपाट पसरून तीन घड्या घालतो. डिंकाच्या पट्टीवरचा कागद ओढण्याआधी पाकीट टेबलावर आडवं ठेवून तळापासून तोंडाकडे तळहाताने हवा बाहेर काढायची. मग चिकटवायचं. चिकटवल्यावर दाबून काही होत नाही, हवा आतच फिरते.

पाकीट मोठं असेल तर तोंड आणि कोपरे मागे दुमडून टेप मारा. हे नवीन माणसाला फालतू वाटतं. पण कुरिअरच्या मोठ्या गोदामांत सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या पाकिटाचं माप कॅमेरा घेतो, आणि कॅमेऱ्याला आत कपडा किती आहे याच्याशी घेणंदेणं नाही. टोकापासून टोकापर्यंत जे दिसेल ते लांबी, सगळ्यात वरचा बिंदू ती उंची. कान वर आलेला मोकळा कोपरासुद्धा मोजला जातो.

म्हणून तुम्हीही तसंच मोजा. चिकटवलेलं पाकीट लगेच मोजू नका, थोडा वेळ पडू द्या. घडी सैलावते आणि पाकीट पुन्हा किंचित फुगतं. मग सपाट टेबलावर ठेवून वर एक पुठ्ठा अलगद टेकवायचा, दाबायचा नाही, आणि टेबलापासून पुठ्ठ्याच्या खालच्या कडेपर्यंत पट्टी उभी धरायची. शिंप्याची कापडी टेप उंचीला वापरू नका. ती फुगवट्यावरून वळते आणि भलताच आकडा देते. उभी पट्टी वापरताना शून्य अगदी टोकावर असलेली घ्या, नाहीतर आधीची अर्धा सेंटिमीटरची मोकळी जागा प्रत्येक मापात चुकत राहते.

गोव्यात आणखी एक गोष्ट धरून चाला: पावसाळा. सूत हवेतलं पाणी ओढतं. 65 टक्के आर्द्रतेला सुती कापडात सुमारे साडेआठ टक्के ओलावा असतो, आणि जुलैत आपल्याकडे हवा त्याहून कितीतरी ओली असते. मे महिन्यात 485 ग्रॅम भरलेलं पाकीट आषाढात 500 च्या वर जायला वेळ लागत नाही. चवथीच्या आधी ऑर्डरी वाढतात तेव्हा मे महिन्यातली वजनांची यादी बघून लेबल काढू नये, काटा पुन्हा लावावा. माल कपाटात बंद ठेवला तरी बरंच काम होतं.

पत्त्याचं अंतर हा वेगळा विषय आहे, त्यात फार शिकण्यासारखं नाही. कुरिअरवाले गावांचे विभाग पाडतात आणि त्यात राज्याची हद्द आडवी येऊ शकते. पेडण्याहून सावंतवाडी हाकेच्या अंतरावर, पण ती महाराष्ट्रात. पिनकोड टाकून दर बघायचा, अंदाज करायचा नाही. स्पीड पोस्टचे दर 1 ऑक्टोबर 2025 पासून बदललेत, तेव्हा काउंटरवरची जुनी पावती जपून ठेवली असेल तर ती टाकून द्या.

रात्रपाळीला अमेरिकेतल्या दुकानांची लेबलं काढायचं काम मिळालं तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथल्या सरकारी पोस्टात, म्हणजे युएसपीएसमध्ये, क्युबिक नावाचा दर आहे. तो काउंटरवर मिळत नाही, ऑनलाइन लेबल काढणाऱ्यांना मिळतो. त्यात मऊ पाकिटाची उंची घेतच नाहीत. रिकामं पाकीट सपाट ठेवून लांबी आणि रुंदी इंचांत मोजायची आणि बेरीज करायची. 21 पर्यंत पहिला टप्पा, 27 पर्यंत दुसरा, 31 पर्यंत तिसरा. कुठलीही बाजू 18 इंचांवर जाता कामा नये, वजन 20 पौंडांच्या आत हवं. त्या आत किती भरलं याने दर बदलत नाही. आपल्याकडे फुगवटा वैरी, तिकडे तोच फुकट.

त्यामुळे तिकडे पैसे वाचतात ते पिशव्या मागवतानाच. 9 बाय 12 ची बेरीज बरोबर 21, म्हणजे पहिला टप्पा. 10 बाय 13 ची 23, दुसरा. 12 बाय साडेपंधराची साडेसत्तावीस, अर्ध्या इंचासाठी तिसरा. दुकानदार सगळ्याला एकच मोठी पिशवी वापरत असेल, तर जड जीन्स 9 बाय 12 मध्ये बसते का हे त्याला विचारा. बसली तर तुमच्या पगाराचा विषय सोपा होतो. पण एका टीशर्टला, पौंडाच्या आतल्या हलक्या मालाला, साधा वजनाचा दरच बहुधा स्वस्त पडतो. लेबल काढताना दोन्ही दर शेजारी उघडा.

पुन्हा आपल्याकडचं, कारण भांडणं इथे जास्त होतात. कुरिअर कंपनी नंतर जास्त वजन लावून पैसे कापते आणि हरकत घ्यायला मोजकेच दिवस देते. त्या वेळी तोंडी सांगणं चालत नाही. प्रत्येक पाकिटाचे फोटो ठेवा: एकात काट्यावरचा आकडा, एकात उंचीला लावलेली पट्टी, एकात लांबी-रुंदी, आणि तिन्हींत लेबलवरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. फोटो त्या क्रमांकाच्या नावानेच सेव्ह करा. पट्टीचा फोटो काढताना मोबाइल टेबलाच्या पातळीवर आणायचा. वरून काढलेल्या फोटोत 3 चे साडेतीन दिसतात आणि हरकत तिथेच फेटाळली जाते.