‘विंडोज मारून देऊ का?’ नको, आहे तेच नव्या डिस्कवर हलवा

मृग तोंडावर आला की रावेरला माझ्या मामेभावाच्या कृषी केंद्रात कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी उसळते, आणि नेमका तेव्हाच त्याचा कॉम्प्युटर मान टाकतो. सकाळी बटण दाबायचं, झाडलोट करायची, अगरबत्ती लावायची, चहा सांगायचा. तोवर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडली तर उघडली. "भो, हा डबा आता भंगारात देतो," म्हणाला. डबा ठणठणीत होता. आतली फिरती हार्ड डिस्क तेवढी थकली होती.

अशा वेळी दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) टाकू, विंडोज मारून (म्हणजे नव्याने बसवून) देऊ. नव्याने मारलेलं विंडोज स्वच्छ असतं, हे कबूल. पण मग टॅली, बिलाचा प्रिंटर, जुने मराठी फॉन्ट, सगळं पुन्हा बसवा. आणि त्यांच्या सीड्या कुठल्या माळ्यावर आहेत ते कुणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवता येते. याला क्लोनिंग म्हणतात. विंडोजचं लायसन्स सहसा मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने ते जात नाही. टॅलीचा सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल मात्र हाताशी ठेवा, पुन्हा विचारला तर अडायला नको.

आधी डिस्क निवडू. जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा (फिरत्या हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) एसएसडी चालते. लॅपटॉपमध्ये एम डॉट टूची खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) असेल तर ती साटाची की एनव्हीएमईची (साटापेक्षा वेगवान प्रकार), हे मॉडेल नंबरवरून बघूनच खरेदी करा. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच असतात. जुनी फिरती डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 150 एमबी वाचते, साधी साटा एसएसडी 500 च्या पुढे जाते. जुनी डिस्क 1 टीबीची असली तरी नवी तेवढीच हवी असं नाही. तिच्यावर प्रत्यक्ष किती भरलंय ते बघा. 180 जीबी भरलेली असेल तर 500 ची पुष्कळ झाली. ती विंडोजमध्ये 465 दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने.

आता तयारी. टॅलीचा डेटा, फोटो, कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर घ्या. मग सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर क्लोनिंगच्या भानगडीत पडू नका. जेवढा डेटा निघतो तेवढा काढा आणि विंडोज नव्याने बसवा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला विंडोज लावतं ते कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या आणि काम होईपर्यंत ते बंद करा.

क्लोनिंगचं सॉफ्टवेअर बहुतेकदा एसएसडीच्या कंपनीकडूनच फुकट मिळतं. सॅमसंगचं स्वतःचं आहे. क्रुशियल आणि डब्ल्यूडी आपल्या ग्राहकांना अ‍ॅक्रोनिस नावाचं सॉफ्टवेअर देतात. क्लोनझिला हे सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत आहे, पण निळ्या-काळ्या पडद्यावर अक्षरं वाचत पुढे जावं लागतं, आणि मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर जायला ते सहजासहजी तयार होत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर कंपनीचंच वापरा.

नवी डिस्क डेस्कटॉपमध्ये दुसऱ्या साटा केबलला लावा, लॅपटॉपला यूएसबी-साटा केबलने. आणि आता जरा थांबा, कारण माझा घात इथेच झाला होता. बहिणीच्या हळदीचे फोटो असलेली बाहेरची हार्ड डिस्क मागे लावलेली राहिली होती. ती 500 ची, एसएसडीही 500 ची. ‘टार्गेट’ निवडताना मी तिलाच टिचकी मारली. सॉफ्टवेअरने इशारा दिला, मी न वाचताच ओके केलं, आणि हळद पुसली गेली. तेव्हापासून क्लोनिंगआधी मी पेनड्राइव्हसकट सगळं काढून ठेवतो. डिस्क मॅनेजमेंट उघडून कोणती डिस्क 0 आणि कोणती 1, हे कागदावर लिहितो आणि आकारापेक्षा मॉडेलचं नाव ताडून बघतो. सोर्स म्हणजे जुनी, टार्गेट म्हणजे नवी. टार्गेटवर जे काही असेल ते सगळं जातं.

दुसरी धास्ती लाईनची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की दुपारी लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. क्लोनिंग जुन्या डिस्कवरून फक्त वाचतं, म्हणून मध्येच लाईन गेली तरी जुनी सहसा शाबूत राहते. पण नवी अर्धवट राहते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. साधा यूपीएस तेवढा वेळ पुरणार नाही, कारण 180 जीबीला तास-दीड तास सहज लागतो. इन्व्हर्टरवर घ्या किंवा रात्री उशिरा बसा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच, आणि स्लीप बंद करून.

सॉफ्टवेअरमध्ये सगळे पार्टिशन (डिस्कचे कप्पे) घ्यायला सांगा. फक्त सी घेतला तर विंडोज सुरू (बूट) करणारा छोटा पार्टिशन मागे राहतो आणि नवी डिस्क चालूच होत नाही. काम झालं की कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, प्लग काढा, जुनी डिस्क सोडवा आणि पहिल्यांदा एकट्या नव्या डिस्कवरच चालू करा. दोन्ही लावून ठेवल्या तर सारख्या ओळखीमुळे विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा गुपचूप जुनीवरूनच उघडतं, आणि आपण म्हणतो, काही फरकच पडला नाही!

उघडलं नाही तर घाबरू नका. चालू होताना एफ टू किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा आणि बूट ऑर्डरमध्ये नवी डिस्क वर आणा. तरीही नाही झालं तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर करून बघा. ते जमलं नाही तरी जुनी परत लावली की दुकान चालू राहतं.

एक खुलासा. एसएसडी टाकली म्हणून जुना कॉम्प्युटर विंडोज 11 ला पात्र होत नाही. त्याला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि नवा प्रोसेसर लागतो. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि क्लोन केलं की तेच विंडोज 10 नव्या डिस्कवर येतं. बिलांपुरतं चालेल, पण बँकेचे व्यवहार त्यावर करणं मला तरी पटत नाही.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. मामेभावाने तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाकली आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवली. यंदाचे हिशेब सीएकडे गेले की मग ती फॉरमॅट करून बॅकअपला घेऊ, असं ठरलंय.